मुखत्यारी : एका अधिकाराचा इतिहास

लातूरच्या आडत बाजारापासून फार दूर नसलेल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमच्या नात्यांतील एका तरुण गृहस्थाची कचेरी आहे. नांदेडास अभियांत्रिकीचें शिक्षण घेऊन तो कांहीं वर्षें पुण्यास नोकरींत होता. पुढें गांवीं परतून त्यानें दुसऱ्यांच्या कारखान्यांस व पेढ्यांस संगणकाच्या कामीं सल्ला देण्याचा स्वतंत्र व्यवसाय मांडला. हाताखालीं सहा माणसें आहेत, गिऱ्हाइकें पुण्यापासून परदेशापर्यंत पसरलेलीं आहेत, आणि मालमत्ता म्हणून दाखवावें असें टेबल-खुर्च्यांपलीकडे फारसें कांहीं नाहीं. जें आहे तें त्याच्या सहींत, त्याच्या शब्दांत आणि त्याला एकट्यालाच ठाऊक असलेल्या परवलींत आहे. गेल्या वर्षीं त्याला मोठ्या शस्त्रक्रियेसाठीं हैदराबादेस जावें लागणार असें ठरलें. निघण्यापूर्वीं धाकट्या भावाच्या नांवें मुखत्यारपत्र करून ठेवावें, अशा विचारानें तो मसुदा घेऊन आमच्याकडे आला. मसुदा अवघ्या चार ओळींचा होता. माझे सर्व व्यवहार, सर्व खातीं, सर्व करार व सर्व सह्या माझ्या भावानें कराव्या, आणि त्यानें जें करावें तें मींच केलें असें समजावें, इतकाच त्याचा आशय. “काका, एवढें पुरे ना?” असें त्यानें विचारलें.

भावाविषयीं आम्हांस शंका नव्हती. दोघांना लहानपणापासून पाहिलेलें आहे. पण त्या चार ओळींत ‘सर्व’ हा शब्द चार वेळां आला होता, आणि इतिहासाच्या वाचनांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांना हा शब्द पाहिला कीं थोडें थांबावेंसें वाटतें. कारण ‘सर्व’ अधिकार दुसऱ्याच्या हातीं देण्याचे प्रसंग आपल्या प्रांताच्या इतिहासांत वारंवार आलेले आहेत, आणि त्यांतील कित्येकांची रंगभूमि हा आपला मराठवाडाच होता.

‘मुखत्यार’ हा शब्द अरबी ‘मुख्तार’ ह्यावरून आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशीं निवडीचा अर्थ आहे. मुख्तार म्हणजे निवडलेला, आणि ज्याला स्वतः निवड करण्याची मोकळीक आहे असाही. हे दोन अर्थ एकाच शब्दांत नांदतात हें मोठें सूचक आहे. ज्याला आपण निवडतों, तोच पुढें आपल्या वतीनें निवडूं लागतो. निजामाच्या राज्यांत न्यायालयाची भाषा उर्दू झाल्यावर ‘मुख्तारनामा’ हें ह्या कागदाचें नांव रूढ झालें, आणि मराठवाड्यांतील जुन्या घराण्यांच्या पेट्यांतून आजही मोडी व उर्दू कागद शेजारीं शेजारीं निघतात. गुमास्ता, मुनीम, कारभारी, वकील, आडत्या हीं सारीं त्याच कुळांतलीं नांवें. लातूरचा शेतकरी आपली तूर ज्या आडत्याच्या दुकानीं उतरवितो, त्याच्याशीं त्याचें नातें बहुधा कागदावर नसतें. परंतु दुसऱ्याच्या मालाचा व्यवहार दुसऱ्याच्या वतीनें करावा आणि त्याचा हिशेब द्यावा, हें मुखत्यारीचें मर्म तेथें रोज पाहावयास मिळतें.

नांदेडपासूनच आरंभ करूं. १७०८ सालीं बादशहा बहादुरशहा भाऊ कामबक्ष ह्याच्यावर स्वारी करण्यासाठीं दक्षिणेंत उतरला, आणि त्याच सुमारास गुरु गोविंदसिंग गोदावरीच्या कांठीं नांदेड येथें येऊन राहिले. तेथें माधोदास नांवाचा एक बैरागी त्यांचा शिष्य झाला. तोच पुढें बंदा बहादुर म्हणून प्रसिद्धीस आला. गुरूंनीं त्याला पंजाबांत धाडलें तें रित्या हातीं धाडलें नाहीं. शीख परंपरा असें सांगते कीं, भात्यांतील पांच बाण, निशाण, नगारा, पंजाबांतील शिखांना उद्देशून लिहिलेलीं हुकूमपत्रें, आणि सल्ल्यासाठीं पांच विश्वासू शीख त्याच्याबरोबर देण्यांत आले. अधिकाराची खूण, अधिकाराचा लेख आणि अधिकारावर नजर ठेवणारे साक्षी, हीं तीनही एकाच वेळीं दिलीं गेलीं. थोड्याच दिवसांनीं, ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं, गुरूंचें नांदेड येथें देहावसान झालें. कायद्याच्या कोरड्या दृष्टीनें पाहिलें तर देणारा गेला कीं दिलेला अधिकारही जातो. बंदानें मात्र पंजाबांत सत्ता स्थापन केल्यावर मुद्रा पाडली ती स्वतःच्या नांवाची पाडली नाहीं. ती गुरु नानक व गुरु गोविंदसिंग ह्यांच्या नांवें होती. दुसऱ्याचें काम करणाऱ्यानें आपलें नांव मागें ठेवावें, ही मर्यादा त्यानें त्या एका गोष्टींत तरी पाळली.

मराठी राज्यांत ही मर्यादा पुष्कळदां सुटली. शिवाजी महाराजांच्या प्रधानांना स्वारीवर जावें लागे, म्हणून त्यांच्या गैरहजेरींत दफ्तराचें काम पाहण्यासाठीं मुतालिक नेमण्याची पद्धत पडली. पुढें जिंजीच्या मुक्कामीं राजाराम महाराजांनीं प्रल्हाद निराजी ह्यांस ‘प्रतिनिधि’ हें पद दिलें. छत्रपतींचा प्रतिनिधि, प्रतिनिधीचा मुतालिक, मुतालिकाचा कारकून, अशी उतरंड उभी राहिली. आणि उतरंडीतलें खालचें मडकें हललें कीं वरचीं सारीं डळमळतात. १७४९ च्या डिसेंबरांत शाहू महाराज निवर्तले आणि पुढच्याच वर्षीं प्रतिनिधीचा मुतालिक यमाजी शिवदेव ह्यानें सांगोल्यास बंड केलें. तें मोडण्यास सदाशिवरावभाऊ रामराजांस बरोबर घेऊन गेले. बंड मोडलें, पण त्याच मुक्कामीं रामराजांकडून राज्याचा कारभार पेशव्यांच्या हातीं सोंपविण्याची कबुली घेण्यांत आली. मुतालिकाचें बंड मोडावयास गेलेल्या प्रधानानें धन्याचा उरलासुरला अधिकार आपल्याकडे आणला. गादी साताऱ्यास राहिली, सत्ता पुण्यास गेली. कागद एका बाजूस राहतो आणि व्यवहार दुसऱ्या बाजूस जातो, त्याचें हें ठळक उदाहरण होय.

त्याच सदाशिवरावभाऊंचें नांव आज लातूर जिल्ह्यांत असलेल्या उदगिराशीं कायमचें जोडलें गेलें आहे. १७६० च्या आरंभीं उदगीर-औशाच्या टापूंत त्यांनीं निजामाच्या फौजेस कोंडींत पकडून तह करावयास लाविला. सुमारे साठ लाख उत्पन्नाचा मुलूख, दौलताबाद व अशीरगड ह्यांसारखे किल्ले, एवढी प्राप्ति झाली. त्या यशाच्या तेजांतच मार्च महिन्यांत परतुराहून भाऊ उत्तरेस निघाले. नांवास सेनापति विश्वासराव, खरा अखत्यार भाऊंचा. त्यानंतर धनी दक्षिणेंत आणि मुखत्यार दिल्लीपलीकडे, अशी स्थिति झाली. मधलें अंतर शेंकडों कोसांचें, आणि पत्र पोंचेपर्यंत त्यांतील परिस्थिति पालटलेली. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर जें झालें तें सर्वांस ठाऊक आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यापुढची कथा अधिक बोधप्रद आहे. भाऊंच्या मृत्यूची खात्री पुष्कळांना पटली नाहीं. त्यांची पत्नी पार्वतीबाई ह्यांनीं अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. आणि पंधरा वर्षांनीं, १७७६ सालीं, भाऊंचें नांव सांगणाऱ्या एका तोतयाच्या पाठीशीं माणसें उभीं राहिलीं; कोंकणांतील किल्ले एकामागून एक त्याच्या हातीं गेले, आणि शेवटीं पुण्यास त्याला देहान्त शासन झालें तेव्हांच तें प्रकरण मिटलें. मनुष्य जिवंत आहे कीं नाहीं ह्या एका प्रश्नाचें उत्तर ठाम नसेल, तर त्याच्या नांवानें काय काय घडूं शकतें, ह्याचा ह्याहून मोठा दाखला कोणता? किल्लेदारांनीं ज्याच्यासाठीं दरवाजे उघडले तो मनुष्य नव्हता, तें नांव होतें.

अधिकार कसा द्यावा हें ज्यांना उमगलें होतें अशांत अहिल्याबाई होळकरांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. १७६७ सालीं पुत्र मालेराव वारला, तेव्हां त्यांनीं दत्तक घ्यावा आणि कारभार दिवाण गंगाधर यशवंतानें पाहावा, असा घाट घातला गेला. बाईंनीं तो मानला नाहीं. फौजेचें काम तुकोजी होळकरांकडे दिलें, खजिना व मुलकी कारभार स्वतःकडे ठेविला. ह्या वांटणीमुळें कुरबुरी झाल्या नाहींत असें नाहीं. पैशाच्या हिशेबावरून बाईंचे आणि तुकोजींचे खटके पुढें कैक वर्षें उडत राहिले. परंतु खटके उडत होते ह्याचाच अर्थ असा कीं, हिशेब विचारणारें कोणी तरी शिल्लक होतें. वेरुळास घृष्णेश्वराच्या देवळापुढें उभें राहिलें कीं, ज्या खजिन्यांतून तें उभें राहिलें त्याच्या किल्ल्या बाईंनीं कोणाच्या हवालीं केल्या नव्हत्या, ह्याची आठवण होते.

ह्याच्या अगदीं उलट टोंक म्हणजे दिल्लीचा बादशहा दुसरा शहाआलम. १७८४ च्या डिसेंबरांत महादजी शिंद्यांनीं त्याच्याकडून पेशव्यांच्या नांवें ‘वकील-इ-मुतलक’ हें पद मिळविलें, आणि त्याची नायबी स्वतःकडे घेतली. ‘वकील’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीनें काम करणारा, आणि ‘मुतलक’ म्हणजे अनिर्बंध. हिंदुस्थानच्या इतिहासांतील हें सर्वांत मोठें कुलमुखत्यारपत्र म्हणावयास हरकत नाहीं. बादशहाच्या खर्चास दरमहा पासष्ट हजार रुपये द्यावे, आणि बाकी सर्व कारभार वकिलानें पाहावा, असें ठरलें. चारच वर्षांनीं, १७८८ सालीं, महादजी चंबळेच्या दक्षिणेस अडकले असतां गुलाम कादरानें दिल्लींत शिरून त्या वृद्ध बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेनें पुढें गुलाम कादरास पकडून शासन केलें हें खरें. पण गेलेली दृष्टि परत आली नाहीं. ज्यानें सर्व दिलें त्याच्यापाशीं स्वतःच्या रक्षणापुरतेंही कांहीं उरलें नव्हतें. १७९२ च्या जूनमध्यें पुण्यास फर्मानबाडीचा समारंभ झाला, त्या थाटामाटाचीं वर्णनें आपण अभिमानानें वाचतों. नाना फडणिसांना तो समारंभ फारसा रुचला नव्हता. साताऱ्यास छत्रपति असतां त्यांच्या प्रधानानें बादशहाचें पद कोणत्या नात्यानें घ्यावें, ही अडचण त्यांना दिसत होती. एकाच मनुष्यानें दोन धन्यांची मुखत्यारी पत्करली कीं हा प्रश्न आज ना उद्यां उठतोच.

निजामशाहींतील एक प्रसंग राहिला. १८५३ सालीं तैनाती फौजेच्या थकलेल्या पगारापोटीं इंग्रजांनीं निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवाकडील मुलूख कारभारासाठीं लावून घेतला. ज्या उस्मानाबाद जिल्ह्यांतून १९८२ सालीं लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याची पूर्वपीठिका ह्याच मुलखांत आहे. मेडोज टेलर हा त्या काळीं नळदुर्गाच्या बाजूस अंमलदार होता. मुलूख निजामाचा, वहिवाट कंपनीची, आणि वसूल कंपनीच्या येण्याकडे वळता. १८६० च्या तहानें पन्नास लाखांचें कर्ज माफ होऊन धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिलें तें राहिलेंच, आणि १९०२ सालीं सालिना पंचवीस लाखांच्या बदल्यांत त्याचा कायमचा पट्टा लिहून घेण्यांत आला. मुखत्याराचा स्वतःचाच पैसा ज्या वस्तूंत गुंतला आहे, ती वस्तु त्याच्या ताब्यांतून काढून घेणें किती कठीण, हें हैदराबादच्या दरबारानें अर्धशतक अनुभविलें.

ह्या सर्व अनुभवांचा अर्क पुढील कायद्यांत उतरलेला पाहून नवल वाटतें. १८७२ च्या कराराच्या कायद्यानें जीं कलमें घातलीं, त्यांत सांगोला, पानिपत आणि वऱ्हाड ह्यांचीं नांवें नाहींत, पण प्रश्न तेच आहेत. जें काम मुखत्यारानें जातीनें करावयाचें पत्करलें तें त्यानें परस्पर तिसऱ्याकडे सोंपवूं नये. त्यानें हिशेब द्यावा. धनी किंवा मुखत्यार मरण पावला, अथवा दोघांपैकीं एकाची बुद्धि भ्रष्ट झाली, तर अधिकार संपतो. मात्र ही गोष्ट कळेपर्यंत मुखत्यारानें केलेलें काम, आणि परक्या माणसानें त्याच्याशीं केलेला व्यवहार, ह्यांस संरक्षण असतें. धनी गेल्यावर वारसांच्या हितासाठीं ठेव जपण्याचें कर्तव्य मुखत्यारावर उरतें. ज्या मालमत्तेंत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध आहे, तिच्याबाबत दिलेला अधिकार, तसा करार नसेल तर, तिच्या नुकसानीस कारण होईल अशा रीतीनें काढून घेतां येत नाहीं. १८८२ सालीं मुखत्यारपत्रांचा छोटासा स्वतंत्र कायदा झाला. जमिनीच्या बाबतींत लोकांनीं ह्या कागदाचा आणखी एक उपयोग शोधून काढला होता. खरेदीखत टाळून मुखत्यारपत्रावरच घरें-शेतें विकलीं जात. अशा कागदानें मालकी जात नाहीं, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला.

परंतु कायद्यांत एक मोठी फट राहून गेली आहे, आणि आमच्या तरुण आप्ताचें खरें संकट तेथेंच होतें. ज्या दिवशीं मुखत्याराची सर्वांत अधिक गरज, त्याच दिवशीं त्याचा अधिकार नाहींसा होतो. इंग्लंडांत १९८५ च्या कायद्यानें अशी सोय झाली कीं, विशिष्ट नमुन्यांत लिहिलेलें पत्र देणाऱ्याची बुद्धि गेल्यावरही चालावें. २००५ च्या कायद्यानें ती अधिक विस्तृत केली. आपल्याकडे तशी सोय नाहीं. रुग्ण दीर्घकाळ बेशुद्ध राहिला तर त्याच्या आप्तांना पालक म्हणून नेमणूक मागण्यासाठीं उच्च न्यायालयाचें दार ठोठवावें लागतें. केरळच्या उच्च न्यायालयानें २०१९ सालीं अशा नेमणुकांसाठीं मार्गदर्शक नियम घालून दिले. आपल्याकडेही प्रत्येक कुटुंबाला हाच मार्ग धरावा लागतो.

ही फट किती खोल आहे हें लातूरकरांना शिकवावें लागत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी, गणपति बोळवून माणसें दमून निजलेलीं. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूमि हालली आणि दगडमातीचीं घरें निजलेल्यांच्या अंगावर आलीं. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें गेलीं. बावन्न गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. एका क्षणांत हजारों सह्या, अंगठे, शब्द आणि भरवसे ह्यांचा धनी नाहींसा झाला. कोणाच्या पेटींत मुखत्यारपत्र असलें तरी त्या सकाळीं तो कागद कोराच झाला होता. त्यापुढें जो प्रश्न होता तो वारसाचा होता, आणि त्याचें उत्तर मुखत्यारपत्र कधींच देत नाहीं. तें मृत्युपत्रानें द्यावयाचें असतें. मुखत्यारपत्र जिवंतपणीं चालतें, मृत्युपत्र मेल्यावर बोलूं लागतें, आणि ह्या दोहोंची गल्लत करणारीं सुशिक्षित कुटुंबेंही आम्हीं पाहिलीं आहेत.

मग त्या तरुणास आम्हीं काय सांगितलें? प्रथम ‘सर्व’ हा शब्द चारही ठिकाणीं खोडला. भावानें बँकेंतील कोणतें खातें चालवावें, एका वेळीं किती रकमेपर्यंत चालवावें, कामगारांचे पगार द्यावे, सरकारी कराचीं विवरणें भरावीं, चालू करारांचें काम पुरें करावें, हें एकेक लिहिलें. कर्ज काढणें, व्यवसाय विकणें आणि नवे मोठे करार करणें हीं कामें स्पष्ट शब्दांत वगळलीं. दर महिन्याचा हिशेब वहिनीला दाखवावा असें घातलें. गुरूंनीं बंदाबरोबर पांच शीख दिले होते, आमच्या ऐपतीप्रमाणें आम्हीं एक साक्षी ठेविली. पत्राची मुदत सहा महिन्यांची केली. नोटरीपुढें तें करून त्याची प्रत बँकेस दिली.

दुसरें, आपली अंकीय सही ज्या किल्लींत असते ती भावाच्या हवालीं करण्याचा त्याचा बेत आम्हीं मोडून काढला. २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याप्रमाणें ती गुप्त किल्ली स्वतःच्याच ताब्यांत ठेवण्याचें कर्तव्य तिच्या धन्यावर आहे. मुखत्यारानें आपल्या हातानें, आपल्या नांवानें, धन्याच्या वतीनें म्हणून सही करावी; दुसऱ्याची सही ‘चालवूं’ नये. पूर्वीं शिक्का चोरीस जाऊं नये म्हणून जो बंदोबस्त असे, तोच आजच्या परवलीस लागू आहे. म्हणून भावासाठीं निराळी सही व निराळी परवली काढावयास सांगितलें.

तिसरें, मोठ्या फटीवर उपाय शोधला. एकट्याच्या नांवावरील धंद्यांत धनी आणि धंदा हे वेगळे नसतात. धन्याची शुद्ध गेली कीं धंदाही बेशुद्ध. २०१३ च्या कंपनी कायद्यानें एका व्यक्तीची कंपनी काढण्याची मुभा दिली आहे, आणि ती काढतांनाच आपल्या मृत्यूनंतर किंवा करार करण्यास असमर्थ झाल्यास आपली जागा कोणी घ्यावी त्याचें नांव, त्याच्या लेखी संमतीसह, द्यावें लागतें. मुखत्यारपत्र जेथें थांबतें तेथून पुढें ही तरतूद चालते. शस्त्रक्रियेपूर्वीं एवढा काळ नव्हता. म्हणून तूर्त मृत्युपत्र केलें, आणि कंपनीचें काम परत आल्यावर करावयाचें ठरलें. परदेशीं राहणाऱ्या आमच्या मराठी मुलांनींही ध्यानांत ठेवावें कीं, तेथें केलेलें पत्र तेथील नोटरी किंवा आपल्या वकिलातीकडून प्रमाणित करून, येथें पोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक घालावा लागतो.

मसुदा चार ओळींचा होता तो तीन पानांचा झाला. वाचून धाकट्या भावाचा चेहरा उतरला. “दादाचा माझ्यावर एवढा अविश्वास?” असें तो म्हणाला. आम्हीं त्याला सांगितलें, “बाळ, ह्या अटी दादानें तुझ्याविरुद्ध घातलेल्या नाहींत. उद्यां कोणी तुझ्याकडे बोट दाखवील, तेव्हां तुझ्या हातीं दाखवावयास कांहीं असावें म्हणून त्या आहेत.” तो कांहीं बोलला नाहीं, पण सही करतांना त्याचा हात अडखळला नाहीं.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. सात आठवड्यांनीं आमचा आप्त लातूरास परतला, तेव्हां भाऊ हिशेबाची वही घेऊन स्थानकावरच उभा होता. घरीं येऊन चहा झाल्यावर दोघे भाऊ माडीवर बसले, एकेक रकमेवर खूण केली, आणि त्याच दिवशीं बँकेंत जाऊन मुखत्यारपत्र रद्द केल्याची लेखी सूचना दिली. दिलेला अधिकार वेळेवर परत घेणें आणि घेतलेला अधिकार वेळेवर परत करणें, ह्या दोन्ही गोष्टी आमच्या इतिहासांत क्वचितच एकत्र आल्या आहेत. त्या दिवशीं त्या माडीवर त्या आल्या, एवढेंच नमूद करून हा लेख पुरा करितों.